रसूलभाईंचा ओटा

सांगा मंडळी, माणूस एखादी जागा सोडून जातो, तो कशामुळं? जागा वाईट म्हणून? की तिथं त्याची कुणी विचारपूस केली नाही म्हणून? करा विचार! आरतीला अवकाश आहे, तोवर मी कीर्तनात एक गोष्ट सांगतो.

बार्शीत मुकुंद शेटे नावाचे गृहस्थ. एसटीत कंडक्टर, म्हणजे प्रवाशांचे 'मास्तर', बत्तीस वर्षं! जन्म गेला गर्दीत. आणि निवृत्त झाल्यावर घरात माणसं किती? एक! बायको देवाघरी, लेक सासरी. भिंतीशी किती बोलायचं हो?

अशात फोनवर नवं ॲप आलं. नाव 'ओटा'. काय तो गाजावाजा! ज्याला त्याला आपापला ओटा. तिथं बसून लिहायचं, लोकांनी येऊन वाचायचं. आठवड्यात अख्खी बार्शी ओट्यावर! डॉक्टर ओट्यावर, भाजीवाली ओट्यावर, हे आमचे तबलजीबुवासुद्धा! लाजताय काय बुवा?

शेटे मास्तरांनी गाडीतला एक किस्सा लिहिला. दोनशे जणांनी वाचला! मास्तर हरखले. रोज एक किस्सा. सकाळी चहाच्या आधी फोन हातात — आज किती आले? दुसऱ्या महिन्यात चाळीस आले. तिसऱ्यात सात. आणि एक दिवस — कुणीच नाही!

कुठं गेली माणसं? अहो, जो तो आपल्याच ओट्यावर वाट बघत बसला! दुसऱ्याकडं जायचं कुणी? चार दिवस नव्याची हौस, मग कंटाळा.

मास्तर चिडले. "सगळे मतलबी! मीपण बंद करतो." बंद करायला बोट टेकवलं, तर ओळखीच्या माणसांची यादीच समोर आली. 'यांचा निरोप घ्यायचा आहे का?' त्यात एक नाव — रसूल मुलाणी!

कोण रसूलभाई? मास्तरांचे ड्रायव्हर! एकोणीस वर्षं एकच गाडी, एकाच डब्यातली भाकरी. निवृत्तीनंतर लेकाकडं हडपसरला गेले, फोन बदलले, गाठ तुटली. मास्तर तीन महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्याच्या ओट्यावर गेले. तिथं ओळीनं लिहिलेलं —

"मुकुंदा, पोरगा म्हनला तू बी ओट्यावर हाईस. तुझ्याकडं कसं यायचं उमगंना. तूच ये."

"आज बी आला न्हाईस. हितं पाचव्या मजल्यावर कुनाशी बोलू?"

"डबल बेल मार की रं! तुझी बेल झाल्याबिगर मी कधी गाडी हलवलीया का?"

आणि शेवटचं, बारा दिवसांपूर्वीचं — "कुनी येत न्हाई. आता लिवनं बंद करतो."

मंडळी, मास्तर रडले! आपल्याकडं कोण आलं ते मोजत बसलो, आणि आपला माणूस हाका मारून दमला!

तडक डेपोत गेले, जुन्या लोकांकडून नंबर मिळवला, फोन लावला.

"रसूलभाई, मी मुकुंद."

पलीकडून एक कोरडं 'हं'.

"रागावलात का?"

"राग काढाया म्होरं मानूस लागतंय, मुकुंदा."

"उद्या येतो. पहिल्या गाडीनं."

"बघू," रसूलभाई म्हणाले. नुसतं 'बघू'! एकोणीस वर्षांचा दोस्त, आणि शब्दावर भरवसा उरला नव्हता!

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पाच जिने चढून दार वाजवलं. रसूलभाईंनी दार उघडलं. मास्तरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाले, "वाळलास की रं," आणि चष्मा पुसत आत वळले. मास्तरांनी चपला काढल्या. मागोमाग आत गेले.

आता तुम्ही! मघाशी हसत होतात. सांगा, तुमच्या फोनात असं कोण आहे, ज्यानं हाक मारली आणि तुम्ही वळला नाहीत? मोठ्यानं नका सांगू. मनात नाव घ्या.

...पाहा, सगळा मंडप गप्प झाला! म्हणजे प्रत्येकाकडं एक नाव आहे. माझ्याकडंही आहे. आरती आज जरा उशिरानं करू, देव काही रुसत नाही. उठा, बाहेर जा, आधी तो फोन लावा. मीही लावतो.