हंबीररावांचं घरचं तोंड

न्हाय न्हाय, हललो न्हाय मी — हलली ती मिशी, आणि मिशीला कोण आवरणार पोरी, खिडकीतनं वारं हाय की. माझं पाय बघ, खडूच्या खुणंच्या आत हायत का न्हाय? हायत. नव्वद साली चित्रकलेच्या ह्या कालिजात पहिल्यांदा स्टुलावर बसलो, तेरा वर्सं झाली, चहाला उठून परत आलो तरी पाय बरोबर त्याच खडूत पडत्यात. तू तुझं काढ. मी आपला हसतोय. हसतोय न्हवं? — वाटत न्हाय? मग ह्ये काय हाय, दात दिसत्यात की. — नुसतं दात म्हंजी हसू न्हाय? बरं. सर बी तुझं हेच म्हणत्यात, प्रीतीला तोंड जमतंय, भाव जमत न्हाय. सोमवारी परीक्षा, आणि चंदगडासनं एवढ्या लांब आलीस ती काय नापास व्हायला? म्हणून तर रविवारचा येऊन बसलोय. तुझा बी हात बसंल, माझं बी काम हुईल.

गप बसू? बसतो की. — पर एक सांगतो, मग बसतो. भाव डोळ्यात असतोय ह्ये खोटं हाय. पोरं शिकून जात्यात, मी हितंच हाय, तवा सरांचं लेक्चर जास्त कुणी ऐकलं? भाव असतोय मानेत. मान आधी पडती, मग खांदा, आणि मग डोळ्याला कळतंय की आपल्याला वाईट वाटतंय. डोळं बारीक करून बघ — बारीकसारीक सगळं जातंय, भाव तेवढा ऱ्हातोय. आणि नाकाखालच्या सावलीत काळा घालू नगंस, निळा घाल, न्हायतर मिशी आणि सावली एक हुत्यात. आणि खांद्यातला भाव आमच्या म्हशीला बी कळतोय. धार काढाय बसलो की ती माझं तोंड बघत न्हाय, खांदा बघती, आणि मग ठरवती पान्हा सोडायचा का न्हाय.

तर काय सांगत हुतो — माझं तोंड. ह्या तोंडावर एकोणीस बक्षिसं हायत. काढली पोरांनी, पर तोंड कुणाचं? आणि त्यासाठी मी काय करायचो, सांगू? काय न्हाय. सकाळी धार काढायची, तांब्याभर दूध तिथंच प्यायचं, चार भाकऱ्या हाणायच्या आणि हितं येऊन बसायचं. बसलो की गाल आपोआप खाली येत्यात, वजनच हाय तेवढं. वर झोप. पहिल्याच दिवशी सर मागनं आलं आणि पोरास्नी म्हणालं, बघा, सगळं आयुष्य उतरलंय ह्या चेहऱ्यात. मला बरं वाटलं, खोटं का बोला. मग मी जरा लक्ष घालाय लागलो — म्हंजी, आमचं रेडकू मेलंतं ते आठवायचं, न्हायतर घरात रस्सा गार हुतोय असं मनात धरायचं. आणि पोरं खाली नावं काय द्यायची? 'भुकेला'. 'उपेक्षित'. 'दुष्काळ'. दुष्काळ मी बघितलाच न्हाय कवा, सासुरवाडी शिरोळची, तिथं पावसाळ्यात पाणी चुलीपतूर येतंय. एकानं तर 'पराभूत' दिलं. माझं नाव हंबीरराव, आणि खाली 'पराभूत'.

घरात? घरात सांगितलंतं, कालिजात शिकवायला जातो म्हणून. — हसू नगं, ब्रश हलंल. खोटं कुठाय, आत्ता काय करतोय मी? सगळं बेस चाललंतं. पर औंदा प्रदर्शन भरलं आणि शेजारची तानाबाई आमच्या बाळाबाईला घिऊन गेली. बाळाबाई म्हंजी आमची मंडळी. आत जाऊन बघत्यात तर भिंतीवर अकरा हंबीरराव, अकराच्या अकरा रडकं. बाळाबाईला वाचाय येत न्हाय, तानाबाईला येतंय, आणि तिचा आवाज पंचगंगेच्या पल्याड जातोय. एकेक नाव वाचलं तिनं. त्यात कोण एक चष्मेवाली बाई शेजारी हुबी, ती म्हणाली, बिचारा, घरचं कुणी बघत नसणार ह्याला.

संपलं. घरला येऊन बाळाबाईनं पिशवी भरली. म्हणाली, "तीस वर्सं म्या रांधून घातलं, आणि तुम्ही गावाला ह्ये तोंड दावताय?" अगं, ती कला हाय, म्हणालो मी. तर म्हणाली, "एक तरी चित्र आणा, ज्यात घरचं तोंड हाय. मग यीन मी." गेली शिरोळला भावाकडं. आज सव्वीस दिवस झालं. — मोजलं न्हाईत, आपलं सहज म्हणालो.

तवा तेवढं हसरं काढ. साडेचारच्या गाडीनं न्यायचं हाय, ओलं असंल तर मांडीवर धरतो, कुणाला टेकू देत न्हाय. हां, आता बघ — कसं? — दाताच्या डॉक्टरकडं गेल्यागत? मग ह्ये? — न्हाय? काय झालंय ह्या तोंडाला कुणास ठाऊक. दुखी म्हणशील तर चुटकीत करून देतो. सव्वीस दिवसात एकदा बी ते रेडकू आठवाय लागलं न्हाय बघ. बसलो की दुखी हुतंयच.

जाऊ दे, तू निळा घाल. — तशी ती काय गोडबोली न्हाय हां. माझ्या मिशीला दूध लागलं की म्हणती, पुसा आधी, रेडकू दिसताय. तीस वर्सं, रोज. आणि मी मुद्दाम पुसत न्हाय. तिला वाटतंय मी इसरतोय. मग पदर घिऊन यायची, बडबड करत स्वता पुसायची — जोरात, भांडं घासल्यागत — आणि पुसून झालं की उलट्या हातानं गालावर एक हलकी चापट, झालं म्हणून. परवा सकाळी मी तसाच हुबा ऱ्हायलो दारात, मिशीला दूध तसंच ठिवून. किती येळ. म्हैस बघत हुती. म्हणालो, हंबीरराव, आता कोण येतंय, पुसा तुमचं तुम्हीच —

काय गं? मघाधरनं गप बसा, गप बसा म्हणत हुतीस, ह्या येळंला म्हणाली न्हाईस ती. ब्रश का ठिवलास? — झालं? कवा झालं, मी हसलोच न्हाय अजून. फिरव बघू हिकडं.

...

ह्यो हसत न्हाय. दात बी न्हाईत. — पर रडत बी न्हाय. मान बघ की ह्याची, म्होरनं कोणतरी यायला लागल्यागत. आणि मिशीवर ह्ये पांढरं काय लागलंय, पुसू? — दूध?

...

खाली नाव घालू नगंस, पोरी. शिरोळला वाचून दावाय तानाबाई न्हाय, आणि लागणार बी न्हाय. आण हिकडं, कडांना धरतो. सोमवारी परीक्षेला येतोच मी, रडकं पायजे असंल तर रेडकू आठवीन, आता परत आठवाय लागंल. सरक, बाजू हो, दार उघड. आणि आता काय इचारू नगंस मला — मान अशीच न्यायची हाय शिरोळपतूर, चित्राशी जुळाय पायजे. बोललो की हलती. गप.