पाच सूत बैठक

…नाही, हा स्क्रू उलटा फिरतो. एक मिनिट. दुमिंगभाऊ माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यांच्यानंतर उभं राहायचं म्हणजे माइक खाली घ्यावाच लागणार. आता येतोय आवाज? मागे, दाराजवळ? बरं.

फादर, सेसिलवहिनी, दुमिंगभाऊ, नंदाखालची मंडळी, आणि विरारहून, वसईहून सायकलींवर आलेले तुम्ही सगळे.

बस्त्यावला जाऊन महिना झाला, त्याची चर्चमधली मिस्सा आत्ताच झाली. तुम्ही घरी जाऊ शकला असता. थांबलात. मी चौतीस वर्षं वर्गात बोललो, मराठी शिकवली, आणि आज माझ्या कागदावर चार ओळी आहेत. बस्त्यावबद्दल मला नीट बोलता येईल की नाही, माहीत नाही. एक गोष्ट मात्र बोलायचीच आहे. ती त्याच्या बायकोला, सेसिलवहिनींना, सांगायची आहे. खरं म्हणजे ती घरी जाऊन सांगायला हवी होती. महिनाभर मी रोज ठरवलं आणि रोज गेलो नाही. चारचौघांत सांगितलेलं मागे घेता येत नाही. म्हणून इथे सांगतो.

पण आधी सायकल. सायकलीशिवाय ती गोष्ट कळणार नाही.

बस्त्याव टर्नर होता. अडतीस वर्षं वसई पूर्वेच्या एका कारखान्यात लेथवर उभा राहिला. नंदाखालहून रोज सायकलने जायचा. काळी, जड, साधी सायकल. निवृत्त झाला आणि त्याच आठवड्यात सायकल बघायला आमच्या एव्हरशाईन सिटी या वसाहतीत आला. आमच्या इमारतीतला एक तरुण परदेशी निघाला होता आणि डोंगरी सायकलीची नुसती फ्रेम विकत होता. चाकं नाहीत, हँडल नाही, काही नाही. मी जिन्यात उभा होतो. बस्त्यावने फ्रेम उचलली, मागचा भाग हलवला, कान लावला.

मला म्हणाला, "ऐकू येतं?"

"काय?"

"केसाएवढी जागा आहे आत. वाजतेय."

मला काही ऐकू आलं नाही. आमची ओळख अशी झाली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या सायकलीचं पुढचं चाक खाली-वर होतं आणि मागचंही होतं. मागे हवेची एक जाड नळी असते. तिला शॉक म्हणतात. दगड आला की चाक वर येतं आणि माणूस आपल्या जागी राहतो. एवढंच. पण हे एवढंच जमवायला बस्त्यावला एक वर्ष लागलं.

मी विचारलं होतं, साठी उलटल्यावर हे कशाला?

म्हणाला, "मास्तर, अडतीस वर्षं रस्त्यानं मला शिव्या दिल्या. सगळ्या माझ्या कमरेला पाठ आहेत. एक डोंगर उतरायचाय. एकच. कमरेला न कळता."

त्याला दुसरं काही नको होतं. एक डोंगर.

ती केसाएवढी जागा आधी गेली पाहिजे, असं त्याचं म्हणणं. पाचूबंदरला त्याच्या ओळखीचे एक होडीवाले होते. त्यांच्या जुन्या होडीच्या भंगारातून त्याने गनमेटलचा तुकडा आणला आणि मित्राच्या लेथवर सांध्यात बसणारे बुश, म्हणजे धातूची छोटी नळकांडी, स्वतः काढले. पहिला जोड सैल झाला. दुसरा घट्ट झाला. तिसऱ्याला तो म्हणाला, "हा बरा आहे," आणि फेकून दिला. मी म्हणालो, बरा आहे ना? म्हणाला, "बरा मुलगा बघून कोण पोरगी देतं?" चौथा बसवला. मग मला बोलावून मागचा भाग हलवला. या वेळी मलाही ऐकू आलं. म्हणजे, काहीच ऐकू आलं नाही.

चाकं त्याने घरच्या ओटीवर विणली. संध्याकाळी आत रोझरीची प्रार्थना चालायची. हा बाहेर स्पोक आवळायचा आणि बरोबर जागी मोठ्याने 'आमेन' म्हणायचा. वहिनी आतून ओरडायच्या, "हात काळे, तोंडात आमेन!" आणि एकदा मला म्हणाल्या, "सर, स्वयंपाकघरातला नळ वर्षभर गळतोय. टर्नरच्या घरात. आणि हा बघा, सायकलीला हवा घालतोय."

हसा. वहिनीही हसतायत.

तर हवा. टायरच्या पंपाने शॉकमध्ये हवा भरता येत नाही, हे कळायला आम्हा दोघांना दोन रविवार लागले. आम्ही घाम गाळून भरायचो, पंप काढला की निम्मी हवा निघून जायची. एक टर्नर आणि एक मास्तर. शेवटी वसईतल्या एका सायकलवाल्या मुलीने लहान पंप आणून दिला. ती आज आली आहे. तिथे, खिडकीजवळ. तेव्हा तिने फक्त आमच्या पायांजवळ पडलेल्या मोठ्या पंपाकडे बघितलं.

आता मला जे सांगायचं आहे ते इथून सुरू होतं.

ही सायकल तयार विकत घेतल्यासारखी चालत नाही. ती एका माणसाच्या वजनाला बसवावी लागते. शॉकच्या दांडीवर रबराची एक बारीक रिंग असते. माणूस हळूच सीटवर बसतो. त्याच्या वजनाने सायकल थोडी खाली बसते आणि रिंग सरकते. माणूस हळूच उतरतो. रिंग कुठे राहिली ते बघायचं. फार सरकली तर हवा कमी आहे. कमी सरकली तर हवा जास्त आहे.

याला बस्त्याव 'बैठक' म्हणायचा. आपण बसलो की ती किती बसते, ती बैठक. मी घरी जाऊन शब्दकोश काढला. बैठकीचे बरेच अर्थ आहेत, हा नाही. बस्त्यावला सांगितलं. तो म्हणाला, "मग लिही त्यात."

त्याची बैठक पाच सूत. टर्नर माणूस, सुतातच मोजणार, इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. बूट घालून, हेल्मेट घालून, पाण्याची बाटली लावून, पाच सूत.

आणि हे एकट्याने होत नाही. बसलेल्या माणसाला रिंग दिसत नाही. एकाने बसायचं आणि दुसऱ्याने खाली गुडघे टेकून बघायचं. दुसरा मी होतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिस्सा झाली की, मी त्यांच्या वाडीत गुडघे टेकायचो. बस्त्याव म्हणायचा, "चर्चमध्ये कधी टेकले नाहीस, इथे टेक."

एकदा मलाही बसवलं. वजन विचारलं. मी बहात्तर म्हणालो. मी बसलो, उतरलो, त्याने रिंग बघितली आणि उठून उभा राहिला. "मास्तर, फादरला पापं कमी सांग. ते सोडून देतील. हिला किलो कमी सांगू नकोस." ऐंशी होते, फादर. आज कबूल करतो.

ईस्टरला सायकल पूर्ण झाली. पाच सूत. नंतरच्या महिन्यातही पाच. मग पाऊस लागला. डोंगर ओला, उतरायचा प्रश्न नव्हता. पण पहिला रविवार चुकला नाही. आणि पावसात एका रविवारी रिंग साडेचारवर थांबली.

मी म्हणालो, हवा जास्त झाली असेल. थोडी सोडली. पाच झाले.

पुढच्या महिन्यात पुन्हा साडेचार. पुन्हा सोडली.

तिसऱ्या महिन्यात चार. मी म्हणालो, "बस्त्याव, पंपाचा काटा बिघडलाय."

तो सीटवर होता, एक हात भिंतीला. तिथूनच म्हणाला, "काटा बरोबर आहे."

मी वर बघितलं. चेहरा दर रविवारी बघत होतो. त्यात काही दिसलं नव्हतं. रिंगेत दिसलं. तो हलका होत चालला होता.

पोटात गाठ होती. तो एकटाच जाऊन आला होता. दोन डॉक्टरांना दाखवलं होतं आणि दोघांनी एकच सांगितलं होतं. करण्यासारखं फार नव्हतं. करून मिळण्यासारखंही फार नव्हतं. मला म्हणाला, "सेसिलला नाताळला सांगीन. आत्ता सांगितलं तर ती मला खाटेवरून उठू द्यायची नाही. भातं कापून होऊ दे. डोंगर सुकू दे."

मी म्हणालो, "हे बरोबर नाही."

तो म्हणाला, "बरोबर कुठं म्हणतोय? तू रिंग बघ."

मी रिंग बघितली. हवा सोडली. पाच सूत केले.

वहिनी, ही ती गोष्ट. तुम्हाला नाताळला कळलं. मला त्याआधी तीन महिने माहीत होतं. त्या तीन महिन्यांत मी तुमच्या ओटीवर चहा प्यायलो. तुम्ही मला केळ्याची भजी वाढलीत. एकदा विचारलंत, "सर, हा हल्ली कमी जेवतो का हो?" मी म्हणालो, "उकाडा आहे." वहिनी, मी असं म्हणालो.

आणि आणखी एक. भातं कापून झाल्यावर एका सकाळी आम्ही दोघं टेम्पो घेऊन गेलो. केळीचे मुनवे, लावायचे कोंब, बघायला चांदीपला जातोय, असं तुम्हाला सांगितलं. तुम्ही दारात उभ्या होतात. म्हणालात, "केळीच्या गावातून भाताच्या गावात मुनवे बघायला?" बस्त्याव म्हणाला, "वेगळी जात आहे." टेम्पोत मागे ताडपत्रीखाली सायकल होती. मुनवे आम्ही बघितले नाहीत.

चांदीपच्या मागे डोंगराची एक सोंड खाली येते. गुरांची वाट आहे, दगडांची, चार वळणांची. चढताना त्याला सायकल रेटवत नव्हती. मी रेटली. तो मागून येत होता, थांबत, बसत. वर पोचायला दीड तास लागला. वर तो हेल्मेट घालून सीटवर बसला. मी शेवटचे गुडघे टेकले. थोडी हवा सोडली. पाच सूत.

म्हणाला, "बाजूला सर."

आणि गेला.

तुम्ही विचाराल, कसा गेला? सांगतो. आवाज आला नाही. साध्या सायकलीवर असा उतार उतरला की साखळी वाजते, मडगार्ड वाजतं, माणूस वाजतो. इथे फक्त टायरखालचे खडे. पहिल्या वळणाला त्याने गुडघे वाकवले, कोपरं बाहेर काढली, आणि दोन्ही चाकं दगडांवरून वर-खाली होत होती, आणि त्याचं डोकं एका रेषेत जात होतं. एका रेषेत, पाण्याने भरलेली घागर ठेवली असती तरी चाललं असतं. मग तो वळणाआड गेला. मी धावत खाली आलो. माझ्या वयाला शोभेल इतकंच धावलो.

खाली एक बाई पेंढा बांधत होत्या. बस्त्याव त्यांच्या बांधावर बसला होता.

बाई मला म्हणाल्या, "तुमचा मानूस काय हा? आवाज नाय, घंटी नाय. मी बोलली भूतच आलं."

बस्त्याव म्हणाला, "अजून नाही झालो."

"पानी पी आधी," त्या म्हणाल्या, आणि तांब्या दिला. तो सगळं पाणी प्यायला. मी विचारलं, "कंबर?" त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवले. जणू कमरेला विचारत होता. मग म्हणाला, "तिला कळलंच नाही."

मी म्हणालो, चला, टेम्पोवाला थांबलाय. तो म्हणाला, "परत." मी म्हणालो, तू एकच म्हणाला होतास. म्हणाला, "एकच डोंगर म्हणालो होतो. किती वेळा ते नव्हतो म्हणालो."

आम्ही परत चढलो. दोन तास लागले. तो परत उतरला.

मी त्या माणसाला इतका समाधानी कधी पाहिला नव्हता. चौथा बुश बसला तेव्हाही नाही. हे मला तुम्हाला सांगायचं होतं, सगळ्यांना. तो अर्धवट राहून गेला नाही. आजारी होता, दुखत होतं, पण ज्यासाठी ती सायकल केली ते त्याने दोनदा केलं. दुसऱ्यांदा तर बाईंनी हात वर करून त्याला रामराम केला आणि याने एक हात सोडून उत्तर दिलं. मी कडेला येऊन बघत होतो, वरून ओरडलो.

पण वहिनी, तुम्ही तिथे नव्हतात. तुम्ही तिथे असायला हव्या होतात. त्याने तुम्हाला सांगितलं नाही, तो त्याचा हक्क होता, असं मी स्वतःला समजावलं. मी का सांगितलं नाही? मला ते उतरणं बघायचं होतं. त्याच्याइतकंच मलाही बघायचं होतं. खरं कारण हे आहे. मित्राचा शब्द वगैरे नंतर सुचलं. तुमचे तीन महिने आम्ही दोघांनी घेतले. त्यातला एक आता नाही. दुसरा इथे उभा आहे.

उत्तर आत्ता देऊ नका. इथे द्यायलाच हवं असंही नाही.

दुमिंगभाऊ म्हणाले, बस्त्याव भाऊ म्हणून कसा होता. फादर म्हणाले, तो ख्रिस्ती म्हणून कसा होता. मी एवढंच म्हणेन की मला साठीनंतर मित्र मिळाला आणि तो असा मिळाला. ज्या वयात माणसं जुन्या ओळखी मोजतात, त्या वयात मी एका नव्या माणसाच्या वाडीत रविवारी जात होतो. दोन वर्षं. पुरेशी होती असं म्हणत नाही. छान होती.

संध्याकाळची घंटा व्हायला थोडा वेळ आहे. ती होईपर्यंत आपण काही बोलू नये, अशी विनंती करतो. बस्त्याव, येतो रे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सेसिलवहिनी रिक्षा घेऊन आमच्या इमारतीखाली आल्या. वर आल्या नाहीत. वॉचमनकडून निरोप पाठवला, सरांना बूट घालून खाली यायला सांगा. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "चांदीप." बराच वेळ त्या बाहेर बघत होत्या. विरार मागे पडल्यावर म्हणाल्या, "उकाडा म्हणे." डोंगराखाली उतरून त्यांनी साडीचा पदर खोचला, चपला रिक्षात ठेवल्या आणि वाट विचारली. मी दाखवली. त्या पुढे, मी मागे, असे आम्ही चढलो. दुसऱ्या वळणावर त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आता सांगा. इथून कसा गेला?"