दहा भरा, मग बोला!

…आणि वर मलाच विचारतो हो तो पाइप विकणारा, 'किती भरण्या झाल्या?' म्हटलं, एक! एकच झाली, आणि तेवढ्यात जीभ, टाळू, घसा, तिघांनी एकदम राजीनामा दिलाय माझ्याकडे! तर चष्म्यावरून माझ्याकडे बघतो आणि म्हणतो, 'एऽक? अहो साहेब, दहा भरा, मग बोला!' आता तुम्हीच सांगा, कुणी तुम्हाला नासकं अंडं विकलं आणि म्हणाला दहा खा, मग बोला, तर काय कराल? त्याच्याच डोक्यावर फोडाल की नाही? मी काय केलं? 'बरं' म्हणालो आणि घरी आलो. कारण काय, तर बायको तीन आठवडे मेहुणीकडे जाऊन बसलेली, आणि ती परत येणं-न येणं सगळं त्या मेल्या पाइपवर अडकलेलं!

थांबा, तुम्हाला सांगतो. एकतीस वर्षं सिगारेट ओढली मी. एकतीस! सोडली किती वेळा, त्याचा हिशोब नाही. तर त्या दिवशी जेवण झालं, जरा आडवा झालो, बोटांत सिगारेट, डोळा लागला… आणि जाग आली ती बायकोच्या किंकाळीनं. उशीला भोक! माझ्या कानापासून चार बोटांवर! तिनं ओरडाआरडा केला असता तर मी समजू शकलो असतो, पण तिनं काय केलं, उशी उचलली, त्या भोकातून बोट बाहेर काढलं, ते बोट माझ्याकडे रोखलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, 'आज उशी. उद्या मी. ज्या दिवशी या घरातला सिगारेटचा वास जाईल ना, त्या दिवशी फोन करा. येऊन पडद्याला नाक लावून बघेन.' बॅग भरली आणि गेली! फोन केला की मेहुणी उचलणार, 'भाऊजी, ताई झोपलीय.' सकाळी दहाला? 'हो, मोकळ्या हवेत झोप चांगली लागते म्हणते.' ऐका टोमणे!

घर खायला उठलं हो. खोटं कशाला बोलू? तिची ती खिडकीजवळची खुर्ची, तिच्यावर अर्धवट विणलेला स्वेटर, त्यात खुपसलेल्या दोन सुया… मी त्या खुर्चीत बसलोसुद्धा नाही. आणि बसल्याबसल्या, म्हणजे दुसऱ्या खुर्चीत, माझ्या डोक्यात एक कल्पना आली. आमचे सासरे! मी त्यांना पाहिलेलं नाही, लग्नाआधीच गेले, पण फोटो आहे, आणि फोटोत तोंडात पाइप! आणि बायको तीस वर्षं मला ऐकवतेय, 'बाबांच्या पाइपचा वास! आहाहा! घरभर दरवळायचा! आणि दुकानातला नव्हे हं, हातानं केलेला!' म्हटलं, झालं! सिगारेट बंद, पाइप सुरू! येईल, पडद्याला नाक लावेल, आणि विरघळेल! काय डोकं! माझंच डोकं, दुसऱ्या कुणाला दोष देऊ?

आता हातानं पाइप करणारा माणूस शोधायचा कुठे? सापडला. न सापडता तर बरं झालं असतं. छापखान्यामागची गल्ली, सात पायऱ्या खाली, एक खोली, आणि आत शिरलो तर तुम्हाला सांगतो, भिंतभर पाय! लाकडाचे! टांगलेले! डावे एका बाजूला, उजवे दुसऱ्या बाजूला! हा माणूस जन्मभर चपला-बुटांचे लाकडी साचे करत होता. लाकडी साचे कुणी घेईना, तेव्हा म्हणाला, लाकूड तेच, पाय काय आणि पाइप काय! म्हणून मी त्याला साचेवाले म्हणतो. शहरात कुणाला त्याचं नाव माहीत नाही, आणि का माहीत नाही ते मला आता कळलंय. त्यानं जो पाइप माझ्या हातात ठेवला ना, त्याला टाच होती. टाच! बूटच तो! तंबाखू भरायची वाटी म्हणजे बुटाचा घोटा. किंमत नका विचारू, बायको अजून विचारते. आणि बांधून कशात दिला? मोज्यात! माझं तोंड बघून म्हणतो, 'धुतलेला आहे.'

रविवारी दुपारी खिडकीशी बसलो, भरला, पेटवला, ओढला… आणि आईशप्पथ सांगतो, आंबट! धूर आंबट असतो का हो कधी? आधी आंबट, मग जळकं, मग काहीतरी चिकट, आणि मग त्या टाचेच्या तळाशी गुरगुर आवाज आणि एक काळा, कडू, कोमट रस थेट घशात! ईऽऽ! आठवलं तरी अंगावर शहारा येतो! बेसिनवर गेलो, चुळा भरल्या, दात घासले, जीभ घासली, लवंग खाल्ली. लवंगेला त्याची चव लागली!

तसाच गेलो साचेवाल्याकडे. म्हटलं, अहो, हे आतून आंबट का लागतं? तर अगदी अभिमानानं, 'लेप आहे आतून. दही आणि कोळशाची पूड.' दही? मी दही पेटवून ओढलं? 'हो. लेप जळाला की राखेचा थर धरतो, मग लाकूड गोड लागतं. किती झाल्या?' एक. 'एऽक? दहा भरा, मग बोला!'

आता यातली खरी बोच सांगू? मी नोकरीला कुठे आहे? पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर! सकाळपासून लोक बाटल्या घेऊन येतात, 'साहेब, बघा, पिवळं पाणी! वास घेऊन बघा!' आणि मी बाटलीकडे न बघता म्हणतो, 'दहा दिवस वाहू द्या, मग बोला.' बावीस वर्षं म्हणतोय! त्या माणसानं माझंच वाक्य माझ्याच तोंडावर मारलं हो! आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर एक म्हातारे गृहस्थ आले, बाटली पुढे केली, आणि पहिल्यांदाच, बावीस वर्षांत पहिल्यांदा, मी झाकण उघडून वास घेतला. नंतर अर्धा तास मला जागेवर बसवेना. म्हातारेच विचारतात, 'साहेब, पाणी आणू का?' म्हटलं, नको! हे तर मुळीच नको!

दुसरी भरली. जिभेची साल निघाली. तिसरी चौदा वेळा विझली, काडेपेटी संपली, पाइप भरलेलाच. चौथीला वरच्या मजल्यावरच्या बाई दार वाजवत आल्या, नाकाला पदर, 'अहो, तुमच्याकडे वायर जळतेय का?' म्हटलं नाही, पाइप ओढतोय. 'मुद्दाम?' म्हणाल्या. पाचवीला तो काळा रस सदऱ्यावर सांडला, डाग गेला नाही, सदरा गेला.

पुन्हा गेलो गल्लीत. सात पायऱ्या उतरलो, दार लोटलं, तर साचेवाले स्टुलावर बसलेले, पायावर पाय टाकून, आणि तोंडात काय? सिगारेट! मी म्हटलं, हे काय? तुम्ही पाइप नाही ओढत? 'मी?' हसायलाच लागला. 'अहो साहेब, एवढा उपद्व्याप कोण करतो?' माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले. भिंतीवरचा एक उजवा पाय घेऊन त्याच्या टाळक्यात घालणार होतो. 'किती झाल्या?' पाच. 'निम्म्यावर आलात की! दहा भरा, मग बोला!'

सहावी, सातवी… काही विचारू नका. आठवीनंतर मला तलफ आली. म्हटलं, मरो तो पाइप, एक साधी सिगारेट ओढतो, तोंड तरी धुवून निघेल. कपाटावर लपवलेलं पाकीट काढलं, एक पेटवली, एक झुरका घेतला, आणि पोटातून ते सगळं वर आलं हो! तेच दही! तीच वायर! तोच कोमट रस! सिगारेट विझवली. दुसरी काढली, नुसती नाकाशी धरली, पुन्हा तेच! पाकीट खिडकीतून खाली फेकलं. एकतीस वर्षं डॉक्टर सांगून थकला, बायको रडून थकली, ते त्या बुटानं आठ भरण्यांत केलं! नववी मी निव्वळ खुन्नस म्हणून ओढली.

चार दिवस गेले. सिगारेट नाही, हातही लावावासा वाटला नाही. पडदे धुतले, उशी नवी आणली, फोन केला. मेहुणी म्हणाली, 'भाऊजी, ताई…' मी म्हटलं, झोपली असेल तर उठव! सांग, सुटली!

आली. बॅग खाली ठेवलीच नाही, हातात धरूनच निघाली नाक घेऊन. पडदा. उशी. माझे सदरे. कपाटाच्या वर, जिथे मी लपवतो असं तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मी मागे मागे. 'खरंच सुटली हो?' म्हणाली, आणि बॅग सोडली. मी मनात म्हटलं, जिंकलो! आणि तेवढ्यात तिचं लक्ष खिडकीच्या कट्ट्यावर गेलं. पाइप! टाकायचा राहिलेला! नवव्या भरणीची राख तशीच आत! मेलो म्हटलं, हा काही बाबांचा दरवळ नव्हे, आता बॅग पुन्हा उचलते. तिनं तो बूट उचलला. उलटासुलटा केला. नाकाशी नेला. एक मोठ्ठा श्वास घेतला… आणि तिच्या डोळ्यांत पाणी!

'अहो… बाबा!'

म्हटलं, काय बाबा?

'अगदी हाच! हाच जळका, आंबट वास! तीस वर्षांनी आला हो मला! एकदा पेटवा ना. माझ्यासाठी?' मी म्हटलं, अगं, धूर नको म्हणून तर तू… 'तो सिगारेटचा. हा बाबांचा आहे. नुसता पेटवून ठेवा, ओढू नका.' नुसता पेटवून ठेवा! तो ओढल्याशिवाय पेटता राहतो का? भरला. पेटवला. ओढला. दहावी! म्हटलं आता तरी लाकूड गोड लागेल… कसलं गोड! तेच दही! आणि ती बसली आपल्या खुर्चीत, स्वेटर मांडीवर, डोळे मिटून. मध्येच एक डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं आणि इतकी गोड हसली, 'अय्या! बाबाही ओढताना अगदी असंच तोंड करायचे!'

तेव्हा मला माझे सासरे कळले. फोटोकडे बघून मी हात जोडले.

आता रोज संध्याकाळी सात वाजता. सुट्टी नाही. सिगारेट सुटली, पाइप सुटत नाही, कारण तो मी धरलेलाच नाही, तिनं धरलाय! नाही म्हणू? तीन आठवडे ती रिकामी खुर्ची बघितलीय मी. नाही म्हणवत हो.

पण तेवढ्यावर भागलं असतं तर मी तुमच्यापुढे रडलो नसतो. परवा म्हणाली, 'बाबांकडे दोन होते. एक ओढायचा, एक वाळत ठेवायचा.' आणि मला घेऊन गल्लीत! सात पायऱ्या! साचेवाल्यांनी तिला स्टूल पुसून दिलं, तिनं भिंतीवरचे पाय कौतुकानं बघितले आणि दुसरा पाइप घेतला. पहिला डावा होता, हा उजवा. जोडी झाली! मी हळूच विचारलं, अहो, आतून लेप…? 'नवाच आहे ना साहेब,' तो म्हणाला, आणि त्या दोघांनी, माझ्या बायकोनं आणि त्यानं, एका सुरात मला सांगितलं, 'दहा भरा, मग बोला!'

आज तिसरी. चला, सातला पाच कमी आहेत. ती खुर्चीत बसली असेल.