दाढ उपटायला आलेले रशीदचाचा

काढलेल्या दातांपेक्षा न काढलेल्या एका दाढेचा मला जास्त अभिमान आहे, सांगते ऐका. कापूस बुडाला होता त्या वर्षातली गोष्ट. मी अमरावतीला डेंटलला शिकत होते. परतवाड्याच्या जिनिंगमधले, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यातले, फिटर रशीदचाचा कॉलेजच्या दवाखान्यात आले. एक दाढ आधीच कुठेतरी काढून घेतलेली.

"डॉक्टरीणबाई, ठणका थांबूनच नाही राहिला. बाजूची बी उपटा."

दाढ तर धडधाकट होती. मला गालाच्या स्नायूचा संशय आला. स्नायू किती कडक आहे ते मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं. ते त्यांच्या गालावर टेकवलं आणि म्हटलं, "जबडा सैल सोडा, बोलू नका." आकडा स्थिरावला. मी सहज विचारलं, "जिन कशी चाललीय?"

चाचा गप्पच होते, पण आकडा सरसर चढला. मी त्यांना तो दाखवला. "चाचा, दाढ चांगली आहे. तुम्ही काळजीनं दात आवळून धरता, म्हणून स्नायू दुखतो."

चाचा गाल चोळत बसले. मग हळूच म्हणाले, "जिन बंद पडली, बाई. घरी सांगतलंच नाही. रोज डबा घेऊन निंगतो अन् बसस्टँडवर बसतो."

मग ते उठले.

"आज घरी सांगून टाकतो. उद्या येतो, मंग पुन्हा मोजजा."