चकव्याची पाळी

ऐका. खरी गोष्ट आहे, आईच्यान! बरं, आईला मधे नको. चुलतीच्यान. तशी सगळीच खरी नसेल. पण शेळी खरी आहे.

आपला लहानू भांगरे. पाहुण्या लोकांना डोंगराचा फेरा दाखवतो ना, तोच. देवळापासनं निघायचं, तीन ओढे ओलांडायचे, परत देवळापाशी. वाट गोलच, चुकणार कुठं? एका अवसेला त्याची गाभण शेळी परतलीच नाही. घरात जनावर तेवढं एकच. निघाला अंधारात, एकटा!

पहिला ओढा. पुढं शेळीची घंटी, टिण टिण. दुसरा ओढा. घंटी पुढंच. तिसरा ओलांडला. आता देऊळ यायला पाहिजे, हो का नाही? आला पहिला ओढा! पुन्हा फिरला. पुन्हा पहिला ओढा! घरातला दिवा समोर दिसतोय. बायको हाका मारतेय, "अहो, जेवायला या!" आणि ह्याला जाता येईना. ओरडायला तोंड उघडलं, तर तोंडातनं घंटी वाजली. टिण टिण!

रडकुंडीला आला हो. मग आठवलं, चकवा लागला की सगळं उलटं करायचं. सदरा उलटा घातला. चपला उलट्या, टाच पुढं. आणि चालला पाठमोरा.

तिसऱ्या ओढ्यात दगडावर कुणीतरी बसलेलं. हातात घंटी. पाय उलटे!

त्यानं लहानूच्या चपला बघितल्या आणि हरखलंच. "अरे, तू पण आमच्यातला? आधी नाही का सांगायचं! कधीचा एकटा बसलोय इथं. सुट्टी नाही, बदली नाही."

लहानू म्हणाला, "टिण."

"मग आता तू बघ," असं म्हणालं, घंटी ह्याच्या हातात कोंबली आणि गेलं की झोपायला!

वळून बघतो तर देऊळ समोर. धावत घरी. शेळी केव्हाची गोठ्यात रवंथ करतेय. बायको म्हणते, "कुठं होतात?"

लहानू म्हणतो, "टिण."

वाचला म्हणायचं. पण तेव्हापासनं दर अवसेला लहानू घरात नसतो. पाळी त्याची. म्हणून सांगतो, रात्री त्या वाटेला पाऊल टाकू नका. जुना चकवा निदान उजाडल्यावर सोडायचा. लहानू नवा आहे. सोडायचं कसं, ते त्याला अजून येत नाही.

आज अवसच ना? काय रे सोमा, कुठं उठलास? शेळी आली नाही तुझी?

जा बाबा. पण तंबाखूची पिशवी इथं ठेवून जा. गोष्ट फुकट नव्हती. आणि तू काही आता परत येत नाहीस.