किलकिला डोळा

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घालून आम्हाला ओळीनं बसवलं होतं. जवळचं सगळं पुसट दिसायला लागलं, म्हणून मी डोळे मिटून घेतले. शेजारी एक आई आणि तिची लेक.

“एवढी घोडी झालीस आणि अजून चित्रांच्या परीकथा? ठेव ते पिशवीत.”

“आई, तुला आता काही वाचता येणार नाहीये, तर निदान ऐक. राक्षस गाढ झोपलाय. राजकन्या त्याच्या दाढीत अडकलेली किल्ली काढतेय.”

“आणि राजपुत्र कुठे कडमडलाय?”

“तो कोठडीत. तीच त्याला सोडवायला आलीये!”

“अस्सं? मग?”

“थांब, थांब! आई, चित्रात राक्षसाचा एक डोळा किलकिला आहे!”

“आत्ता तर म्हणालीस, गाढ झोपलाय.”

“ते गोष्टीत लिहिलंय गं. चित्रात तो तिच्याकडेच बघतोय.”

“तिला कळलंय का?”

“छे! तिचं सगळं लक्ष किल्लीत.”

“अगं, मग पळ म्हणावं तिला! उलट, पान उलट लवकर!”

“बाई, चला आत, तुमचा नंबर आलाय.”

“एक मिनिट हो, सिस्टर. इथे पोरीच्या जिवावर बेतलंय!”

“डॉक्टर खोळंबलेत.”

“आले, आले. आणि तू गं, मी येईपर्यंत पान उलटलंस तर याद राख!”

दार लागलं. मी एक डोळा उघडला.

“बाळ, आई गेली आत. उलट ना पान.”

“अय्या! आजोबा, तुम्ही तर गाढ झोपला होतात ना?”