जगन्नाथाला ताप आलाय

पुरीच्या देवळाबाहेर, परतीच्या बसच्या रांगेत माझ्यापुढे एक सासू होती आणि तिची परराज्यात वाढलेली नवी सून.

“दर्शनच नाही? का हो, आई?”

“पौर्णिमेला घागरी घागरी पाण्यानं न्हाऊ घातलं ना, जगन्नाथाला ताप भरलाय. पंधरवडाभर नुसतं पडून राहायचं, फळं खायची, काढा प्यायचा.”

“एकट्यालाच?”

“थोरल्या भावालाही. बहिणीलाही.”

“मला ताप आला, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसवलंत.”

“देवाशी बरोबरी करतेस, मिनती?”

“छे! त्याच्या बायकोचं, लक्ष्मीचं विचारते. तिला नाही ताप?”

“तिला कशाला येईल? तिला न्हायला नेलंच नव्हतं.”

“का?”

“सगळेच गेल्यावर घर कोण बघणार? चल, बस आली. माहेरपणाला आलेली तुझी नणंद जेवायची थांबली असेल.”